सी ड्राइव्ह लाल: टेम्प फाइल्सच्या सफाईच्या प्रकल्प नोंदी

२ जून

काम अंगावर आलं. जुन्या बॅचच्या मशीनमध्ये १२८ जीबीच्या एसएसडी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसते, म्हणजे १० टक्क्यांहून कमी जागा उरली आहे. साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या डिस्क येणार नाहीत, आहे त्यात जागा करा, आणि 'माझी फाइल गेली' अशी एकही तक्रार माझ्या टेबलावर येऊ देऊ नका.

खरी मेख शेवटच्या अटीत आहे. टेम्पमध्ये, म्हणजे प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइल्स ठेवतात त्या फोल्डरात, जाऊन सगळं सिलेक्ट करून डिलीट मारणं कुणालाही येतं. म्हणून या कामापुरता एक नियम आजच लिहून ठेवतो: फाइल कुणी तयार केली आणि तिच्यावर अजून कुणाचं काही अडलेलं आहे का, हे कळल्याशिवाय ती उडवायची नाही. 'टेम्प' नावाच्या फोल्डरात सापडली, एवढं कारण पुरत नाही.

आज फक्त मोजमाप. एक्सप्लोररमध्ये एकेका फोल्डरची प्रॉपर्टीज बघत बसलो तर दिवस तिथेच जाईल. डिस्कवरची जागा कशाने खाल्ली ते दाखवणारं विझट्री वापरलं. ते फोल्डर चाळत बसत नाही, एनटीएफएसची (विंडोजची डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत) मास्टर फाइल टेबल, म्हणजे सगळ्या फाइल्सची नोंदवही, थेट वाचतं, त्यामुळे अख्ख्या डिस्कचा हिशोब काही सेकंदांत समोर येतो. अॅडमिन म्हणून चालवलं तरच, हे मात्र लक्षात ठेवायचं.

बहुतेक मशीनवर सगळ्यात मोठी फाइल टेम्पमधली नव्हतीच. ती होती हायबरफिल, म्हणजे हायबरनेट करताना (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करताना) रॅममधला मजकूर ठेवण्यासाठी विंडोजने राखून ठेवलेली जागा. पूर्ण हायबरनेशन चालू असेल तर ती रॅमच्या साधारण ४० टक्के असते. १६ जीबी रॅमच्या मशीनवर सहा जीबीच्या वर झाली की. आणि आमचे डेस्कटॉप कुणी हायबरनेट करत नाही, तो पर्याय कुठे असतो हेही कुणाला माहीत नाही.

३ जून

हायबरनेशन डेस्कटॉपवरून काढायचं ठरलं. पॉवरसीएफजी या विंडोजच्या वीज-सेटिंगच्या साधनाची एक कमांड, फाइल लगेच नाहीशी होते. लॅपटॉपना हात लावायचा नाही. बॅटरी संपत आली की तिथे हायबरनेटच कामाला येतं.

याबरोबर फास्ट स्टार्टअपही, म्हणजे मशीन लवकर सुरू करायची विंडोजची सोय, बंद होतं, कारण ते याच फाइलवर चालतं. एकाने विचारलं, "मग मशीन सुरू व्हायला वेळ लागेल ना हो?" लागेल थोडा. एसएसडीवर तो जाणवण्याइतका नाही. उलट एक फायदाच आहे, त्याबद्दल पुढे लिहीन.

आता टेम्प फोल्डर नेमके किती. लोक एक समजतात. प्रत्येक युजरचा स्वतःचा टेम्प असतो, त्याच्या अॅपडेटामधल्या लोकल फोल्डरात. त्याखेरीज विंडोज फोल्डरातला एक असतो, ज्यात सिस्टीमच्या नावाने चालणाऱ्या सर्व्हिसेस लिहितात. रन खिडकीत टक्क्याच्या चिन्हांमध्ये टेम्प लिहून एंटर मारलं की फक्त स्वतःचा उघडतो. स्टोअरमधल्या एका मशीनवर पाळीपाळीने लोक बसतात. तिथे सोडून गेलेल्यांची प्रोफाइल्सही (प्रत्येकाच्या फाइल्स आणि सेटिंगचा संच) तशीच आहेत, प्रत्येकाच्या टेम्पसकट. जो आता लॉगिन करतो त्याचा टेम्प चकाचक आणि डिस्क भरलेली, असं तिथलं चित्र आहे.

जुनी प्रोफाइल्स काढायची परवानगी मागितली आहे. ती फोल्डर डिलीट करून काढायची नाहीत, सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या युजर प्रोफाइल्सच्या यादीतून काढायची. नुसतं फोल्डर उडवलं तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, नोंद उरते आणि तो माणूस परत आला तर त्याला तात्पुरतं प्रोफाइल मिळतं. मग त्याने दिवसभर डेस्कटॉपवर ठेवलेलं लॉगआऊट होताच गायब.

५ जून

हिशोब विभागात गेलो होतो. टेम्पची यादी काढताना तिथल्या एका मशीनवर आयएनेटकॅश या फोल्डराच्या पोटात आडनिड्या अक्षरांच्या नावाचं एक फोल्डर दिसलं आणि त्यात एक्सेलच्या बऱ्याच शीट. नावं ओळखीची: ताळमेळ, ताळमेळ कंसात एक, ताळमेळ कंसात दोन. तारखा अगदी परवापर्यंतच्या.

मॅडमना विचारलं, "ही शीट तुम्ही कुठे सेव्ह करता?"

"सेव्हवरच क्लिक करते की."

"हो, पण कुठल्या फोल्डरात?"

"फोल्डरात कशाला? मेल उघडते, त्यातली शीट उघडते, भरते, सेव्ह करते. दुसऱ्या दिवशी एक्सेलमध्ये वर जी यादी येते ना, त्यातून उघडते. मेलमधून उघडली तर कोरी येते, म्हणून तिथून नाही उघडत."

मॅडमनी त्यांच्यापुरती पद्धत बसवली होती आणि ती चालतही होती. मेलचा प्रोग्राम अटॅचमेंट उघडताना तिची प्रत या आडबाजूच्या फोल्डरात ठेवतो. सेव्ह केलं की बदल त्या प्रतीत जातात. मेलमधली मूळ शीट जशीच्या तशी राहते. म्हणून मेलमधून उघडली की कोरी. आणि 'अलीकडच्या फाइल्स'ची यादी मात्र थेट त्या प्रतीवर नेते, म्हणून तिथून उघडली की भरलेली. हे फोल्डर इंटरनेटच्या तात्पुरत्या फाइल्सच्या घरात आहे, म्हणजे सफाईचं कुठलंही साधन त्याला कचराच समजणार. कित्येक आठवड्यांचा ताळमेळ तिथे पडून होता.

शीट त्यांच्यासमोरच सर्व्हरवरच्या त्यांच्या फोल्डरात हलवल्या. उघडून दाखवल्या, आकडे त्यांनी स्वतः तपासले, मग जुन्या प्रती काढल्या. अलीकडच्या यादीतल्या जुन्या ओळीही काढून टाकल्या. नाहीतर उद्या सवयीने त्यावरच क्लिक होईल आणि 'फाइल सापडत नाही' असा संदेश येईल.

या प्रकारची माणसं आणखी असणार. सगळ्या मशीनवर हे फोल्डर आधी बघायचं. डॉक, शीट, पीडीएफ जे सापडेल ते ज्याचं त्याला विचारून हलवायचं. तोवर हा भाग सफाईच्या यादीतून बाहेर. जागेच्या दृष्टीने तो नगण्यच आहे, पण गडबड झाली तर नेमकी इथेच होईल.

९ जून

वयाचा नियम. 'सात दिवसांपेक्षा जुनं ते काढा' हे ऐकायला सोपं वाटतं. विंडोजचा जुना डिस्क क्लीनअपही टेम्प फाइल्ससाठी आठवड्याचाच हिशोब लावतो. प्रश्न हा की जुनं कुठल्या तारखेने?

शेवटची उघडल्याची तारीख कामाची नाही. व्हिस्टापासून एनटीएफएसवर ती नोंद मुळात बंदच होती, पुढे विंडोज १०मध्ये ती चालू ठेवायची की नाही हे सिस्टीम स्वतः ठरवू लागली. आणि चालू असली तरी नोंद तासाभरापर्यंत मागे असू शकते. म्हणजे एका मशीनवर त्या तारखेला अर्थ आहे, शेजारच्या मशीनवर नाही.

बदलाची तारीख? तिथे वेगळीच गंमत. झिप उघडली की आतल्या फाइल्सना त्यांची मूळ बदलाची तारीख मिळते. आज सकाळी टेम्पमध्ये सुटी झालेली फाइल २०१९ची दिसू शकते. इन्स्टॉलर तर हेच करतात: आधी टेम्पमध्ये स्वतःला सोडवतात, मग तिथून बसवतात. बदलाच्या तारखेवर विसंबलेली स्क्रिप्ट मधेच धावली तर अर्धवट बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होईल.

म्हणून असं ठरवलं: तयार झाल्याची आणि बदलाची, दोन्ही तारखा सात दिवसांपलीकडच्या असतील तरच फाइल जुनी. आणि टेम्पमधलं पहिल्या पातळीचं फोल्डर हे एक युनिट धरायचं. आत एक जरी फाइल ताजी असेल तर अख्खं फोल्डर राहू द्यायचं. काही एमबी जास्त राहतील, राहू देत.

लिनक्सवाल्यांनी हे आधीच नीट करून ठेवलं आहे. तिथे सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा टेम्पफाइल्स हा भाग वाचन, बदल आणि नोंदबदल (फाइलचं नाव, परवानग्या वगैरे बदलणं) या तिन्ही वेळा बघतो. तिन्ही जुन्या असतील तरच फाइल काढतो. त्याचा मूळ हिशोब साध्या टेम्पसाठी १० दिवस आणि व्हार नावाच्या फोल्डरातल्या टेम्पसाठी ३०.

१० जून

रीस्टार्ट आधी, सफाई नंतर. हा क्रम पक्का.

कारण असं की वापरात असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही. मग इन्स्टॉलर नवी फाइल बाजूला ठेवतो, कित्येकदा टेम्पमध्येच, आणि रजिस्ट्रीत सेशन मॅनेजरच्या खाली 'पेंडिंग फाइल रिनेम ऑपरेशन्स' या नावाने चिठ्ठी लिहून ठेवतो: पुढच्या वेळी सुरू होताना ही फाइल तिथे हलव, ती काढून टाक. मधल्या काळात टेम्प साफ झाला तर चिठ्ठी राहते आणि फाइल नाही.

आता हायबरनेशन काढण्याचा तो फायदा. फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शटडाऊन' म्हणजे पूर्ण बंद होणं नसतंच; सिस्टीमचा गाभा डिस्कवर उतरवून ठेवलेला असतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. "मी तर रोज मशीन बंद करून जाते," असं म्हणणाऱ्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम कित्येक दिवसांचा दिसतो तो त्यामुळे. लोक खोटं बोलत नसतात. आता ज्या डेस्कटॉपवरून ते काढलं आहे तिथे बंद म्हणजे बंद.

स्क्रिप्टमध्ये तपासणी घातली: चिठ्ठी शिल्लक असेल तर सफाई न करता बाहेर पड आणि नोंद कर.

१२ जून

आजचा दिवस वेगळ्याच गोष्टीत गेला, आणि बरं झालं गेला.

डिस्पॅचमधून फोन. रिपोर्टचा प्रोग्राम 'फाइल अस्तित्वात आहे' असं म्हणून बंद पडतो. त्या मशीनवर जागा भरपूर, मोठी डिस्क आहे. माझ्या लाल यादीत ते मशीन नव्हतंच. फोनवरच्या मुलाने जाताजाता दोन गोष्टी सांगितल्या. एक, रिपोर्ट बरेच दिवस हळूहळू मंद होत गेला होता. दोन, लेबल छापायचा दुसरा प्रोग्रामही आज सकाळपासून तेच म्हणतोय. दोन वेगळ्या लोकांनी लिहिलेले दोन प्रोग्राम एकाच दिवशी एकच तक्रार करतात, म्हणजे दोष त्यांच्या खालच्या थरात शोधायला हवा.

टेम्प उघडायला गेलो तर एक्सप्लोरर हिरवी पट्टी दाखवत बसला. शेवटी कमांडच्या खिडकीतून मोजलं. टीएमपी अक्षरांपुढे जास्तीत जास्त चार आकडे-अक्षरं आणि शेवटी टीएमपी एक्स्टेन्शन, अशा नावाच्या ६५,५३५ फाइल्स. हा आकडा बघितल्यावर पुढचं शोधावं लागलं नाही.

विंडोजमध्ये तात्पुरत्या फाइलचं नाव मिळवायचं एक जुनं फंक्शन आहे, गेटटेम्पफाइलनेम. ते सुरुवातीची तीन अक्षरं घेतं आणि त्यापुढे सोळा बिटांचा आकडा हेक्साडेसिमलमध्ये (० ते ९ आणि ए ते एफ वापरणारी मोजणी) लावतं: एकपासून एफ-एफ-एफ-एफपर्यंत. शून्य वापरत नाही, म्हणून उरतात ६५,५३५ नावं. एक आकडा घेऊन बघतं, तो वापरलेला असेल तर पुढचा, तोही असेल तर त्याच्या पुढचा. फोल्डर भरत जातं तसा हा शोध लांबत जातो, म्हणून रिपोर्ट मंद झाला. सगळी नावं संपली की हात वर करतं, म्हणून 'फाइल अस्तित्वात आहे'. आणि डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहायच्या चौकटीतून हे फंक्शन वापरणारे प्रोग्राम सगळेच टीएमपी ही अक्षरं वापरतात, म्हणून एकाने फोल्डर भरलं की बाकीचेही अडकतात. लेबलवाला बिचारा नाहक मेला. २०२३मध्ये आलेल्या डॉटनेट ८मध्ये ही मर्यादा काढली आहे, पण आमचे दोन्ही प्रोग्राम जुने.

आता हे ६५,५३५ आले कुठून. सगळ्या फाइल्स शून्य बाइटच्या. ही मोठी खूण होती. ते फंक्शन नुसतं नाव देत नाही, त्या नावाची रिकामी फाइल तयार करून देतं, म्हणजे दुसऱ्या कुणी ते नाव घेऊ नये. रिपोर्टचा प्रोग्राम हे नाव घेतो, त्याचं एक्स्टेन्शन बदलून पीडीएफ करतो आणि त्या नव्या नावाने फाइल लिहितो. छापून झाल्यावर पीडीएफ प्रामाणिकपणे काढून टाकतो. रिकामी टीएमपी तिथेच. दर रिपोर्टमागे एक. प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटतं आपण कचरा उचलला, कारण त्याच्या लेखी त्याने एकच फाइल केली होती.

मला यातलं जे फार आवडलं ते हे: जागेच्या हिशोबात हा प्रकार दिसतच नाही. शून्य बाइट गुणिले ६५,५३५ बरोबर शून्य. विझट्रीच्या यादीत हे फोल्डर तळाला. खरं तर प्रत्येक फाइलमागे मास्टर फाइल टेबलमध्ये बहुधा १ केबीची नोंद खर्च होते, म्हणजे ६४ एमबी टेबलात गेले. फाइल्स काढल्या तरी टेबल आक्रसत नाही, त्या नोंदी फक्त पुन्हा वापरल्या जातात. पण तेवढ्यासाठी कुणी डिस्क बघायला येत नाही.

फाइल्स कमांडनेच काढल्या. एक्सप्लोररमधून डिलीट केलं असतं तर आधी 'मोजत आहे', मग प्रत्येक फाइल रीसायकल बिनमध्ये नेऊन ठेवणं, असा सगळा वरातीचा थाट झाला असता. काढल्याबरोबर रिपोर्ट पूर्वीसारखा चटकन आला. तिकडून विचारलं, "काय केलंत हो? मशीन बदललंत का?"

ज्यांनी प्रोग्राम दिला आहे त्यांना पत्र गेलं: नाव बनवण्यासाठी ते फंक्शन वापरू नका, जीयूआयडीवर (सहसा पुन्हा न येणारा लांबलचक ओळख-क्रमांक) आधारित नाव घ्या, किंवा निदान मूळ टीएमपीही काढा. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतही बऱ्याच फाइल्स लागणार असतील तर जीयूआयडीच घ्या असं म्हटलं आहे. उत्तर येईपर्यंत मोजमापात आणखी एक रकाना: टेम्पमधल्या फाइल्सची संख्या. फक्त जीबी बघून चालणार नाही.

१६ जून

स्क्रिप्टची कोरडी फेरी, दोन मशीनवर. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड आणि स्क्रिप्टच्या साधनात काढून टाकण्याच्या कमांडला 'व्हॉट इफ' लावलं की ती काय काढलं असतं तेवढं सांगते आणि हात लावत नाही. यादी फाइलमध्ये घेतली आणि सावकाश वाचली.

यादीत एक अनपेक्षित सापडलं: टेम्पमधल्या एका फोल्डरातून जंक्शन, म्हणजे दुसऱ्या फोल्डराकडे नेणारा दुवा, निघून डी ड्राइव्हवरच्या कामाच्या फोल्डरात जात होतं. कुठल्या तरी बिल्डच्या (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याच्या) साधनाने केलेलं. स्क्रिप्ट अशा दुव्यात शिरत नाही, दुवा दिसला की पूर्ण फोल्डर सोडून नोंद करते. ती अट होती म्हणूनच ते 'वगळले' या रकान्यात आलं. अट नसती तर काय झालं असतं ते डेव्हलपरला दाखवलं. तो म्हणाला, "दादा, तेवढं एक फोल्डर कायमचंच वगळा."

वापरात असलेल्या फाइल्सबद्दल फार काळजी नाही. प्रोग्रामने उघडून धरलेली फाइल विंडोज सहसा काढू देत नाही. स्क्रिप्ट चूक नोंदवून पुढे जाते.

१८ जून

जे टेम्प नाही पण टेम्पसारखं दिसतं, त्याबद्दल साहेबांशी बसलो. काय काय काढता येईल याची यादी त्यांनी कुठून तरी आणली होती.

विंडोजमधलं इन्स्टॉलर फोल्डर. मोठं असतं, नावं अगम्य असतात, बघितलं की हात शिवशिवतात. तिथे बसवलेल्या प्रोग्रामच्या एमएसआय (इन्स्टॉलरच्या फाइल्स) आणि पॅचच्या प्रती असतात. उडवल्या तर आज काहीही बिघडत नाही. बिघडतं ते काही महिन्यांनी, जेव्हा तो प्रोग्राम अपडेट करायचा किंवा काढायचा असतो. नाही.

विनएसएक्सएस, विंडोजच्या घटकांच्या प्रती ठेवणारं फोल्डर. एक्सप्लोरर याचा आकार फुगवून सांगतो, कारण यातल्या कित्येक फाइल्स हार्ड लिंकने (एकाच फाइलला दुसरं नाव देऊन) सिस्टीम फोल्डरातही दिसतात आणि दोन्हीकडे मोजल्या जातात. खरा आकार डिस्म या विंडोजच्या देखभालीच्या कमांडला विचारावा. हाताने काही काढायचं नाही. डिस्मचीच घटक-सफाई चालवायची. त्यातला 'रीसेट बेस' हा पर्याय मी लावणार नाही, कारण त्यानंतर आधी बसलेले अपडेट मागे घेता येत नाहीत. दोन जीबीसाठी परतीचा रस्ता बंद करण्यात अर्थ नाही.

विंडोज डॉट ओल्ड. मोठ्या अपग्रेडनंतर मागे उरतं. १० दिवसांनी सिस्टीम स्वतःच काढते. त्याआधी काढलं तर जुन्या आवृत्तीवर जाता येत नाही. थांबा.

ब्राउझरचं कॅश. काढायला हरकत नाही, पण ते परत तेवढंच भरणार आणि मधल्या काळात साइट हळू उघडतात म्हणून लोक आमच्याच नावाने खडे फोडणार. ज्या मशीनला आत्ता या मिनिटाला जागा हवी आहे तिथेच.

२० जून

साहेबांचा आग्रह: डाऊनलोड्सही साफ करा, सगळ्यात जास्त कचरा तिथेच आहे. कचरा आहे हे खरं. पण लोक डाऊनलोड्सला कपाट समजतात. मायक्रोसॉफ्टने २०१८च्या विंडोज १० आवृत्ती १८०९मध्ये डिस्क क्लीनअपच्या यादीत डाऊनलोड्स घातलं होतं. सवयीने सगळ्या खुणा करून ओके दाबणाऱ्यांच्या फाइल्स गेल्या, आणि २०२०च्या आवृत्तीत ते यादीतून काढावं लागलं. स्टोरेज सेन्स या विंडोजच्या आपोआप सफाईच्या सोयीत तो पर्याय आहे, पण मुळात 'कधीच नाही' वर ठेवलेला असतो. त्यामागे अनुभव आहे.

तोडगा: डाऊनलोड्समधल्या फक्त इन्स्टॉलर आणि डिस्क इमेजची यादी ज्याच्या त्याला मेलने जाईल. काढायचं की नाही ते तो ठरवेल. साहेब म्हणाले, "कुणी काढणार नाही." काही जण काढतील.

२३ जून

लिनक्स सर्व्हरची भर पडली. सकाळी डिस्क १०० टक्के. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने एक अवाढव्य लॉग (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) काढून टाकला होता, तरी डीएफ ही मोकळी जागा सांगणारी कमांड १०० टक्केच दाखवत होती. डीयू या फाइल्सचे आकार मोजणाऱ्या कमांडने बेरीज केली तर वापर बराच कमी. दोन्ही खरं सांगत होते.

लिनक्सवर फाइल काढणं म्हणजे तिचं नाव काढणं. एखाद्या प्रोसेसने ती उघडून धरली असेल तर नाव जातं, मजकूर जागेवरच राहतो आणि प्रोसेस तो सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. डीयू नावं धरून चालतं म्हणून त्याला ती दिसत नाही. डीएफ फाइल सिस्टीमलाच विचारतं म्हणून त्याला दिसते. उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या एलएसओएफला लिंक संख्या एकपेक्षा कमी असलेल्या, म्हणजे नाव उरलं नाही अशा, फाइल्स विचारल्या आणि ती सर्व्हिस सापडली. सर्व्हिस रीस्टार्ट करताच जागा मोकळी.

पुढच्यासाठी: चालू लॉग काढायचा नाही, जागच्या जागी रिकामा करायचा, आणि जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणारं लॉगरोटेट लावायचं. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेला युजर) राखीव असते, म्हणून साध्या युजरला डिस्क भरली वाटते तेव्हाही रूटला थोडी हालचाल करता येते. आज तीच उपयोगी पडली.

याच सर्व्हरवर साधा टेम्प टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये आहे. तिथला कचरा डिस्क खात नाही, मेमरी खातो. बॅकअपची स्क्रिप्ट आपला मोठा गठ्ठा तिथे बांधत होती. तिला व्हारमधल्या टेम्पकडे वळवलं. रीस्टार्टनंतरही राहायला हवं ते तिथे, असाच त्या दोन फोल्डरांमधला फरक आहे.

२७ जून

स्क्रिप्ट सगळ्या लाल मशीनवर आणि डिस्पॅचच्या मशीनवर नेमली. वेळ जेवणाच्या सुट्टीतला. रात्री मशीन बंद असतात. आधी रजिस्ट्रीतली चिठ्ठी बघते, मग टेम्प, मग संख्या आणि मोकळी जागा एका सामायिक शीटमध्ये लिहिते. स्टोरेज सेन्सही चालू केलं, रीसायकल बिनसाठी ३० दिवसांवर, डाऊनलोड्स बंद. ते फक्त जागा कमी पडल्यावर धावेल.

लाल पट्ट्या बहुतेक निळ्या झाल्या. सगळ्यात जास्त जागा हायबरफिल आणि सोडून गेलेल्यांच्या प्रोफाइल्सनी दिली. खुद्द टेम्पचा वाटा माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाला. साहेबांना तो तक्ता पाठवला. त्यांनी फक्त विचारलं, तक्रार आली का. नाही आली.

२ जुलै

रिपोर्टच्या प्रोग्रामची दुरुस्त आवृत्ती आली. डिस्पॅचच्या मशीनवर बसवली. टेम्पमधली संख्या लिहून घेतली, रिपोर्टची एक मोठी थप्पी छापली, पुन्हा मोजलं: एकही टीएमपी वाढली नाही. मात्र छापताना मधेच 'रद्द' दाबलं की पीडीएफ मागे राहते. तसं कळवलं आहे. ती सात दिवसांनी स्क्रिप्ट उचलेल, त्यामुळे घाई नाही, पण दुरुस्ती त्यांच्याकडूनच व्हायला हवी.

शिल्लक कामं: स्टोअरच्या मशीनवरची उरलेली प्रोफाइल्स, परवानगी आली आहे. अटॅचमेंटच्या फोल्डरात फाइल्स सापडलेल्या आणखी काही जणांच्या फाइल्स हलवायच्या आहेत. त्यातले एक रजेवर आहेत, ते येईपर्यंत त्यांचं मशीन वगळलेल्या यादीतच राहील.